काट्याला कान लावा : निवडुंग वाजवायची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. जिथे आवाज ऐकवले आहेत तिथे कंसात नोंद केली आहे.)

आजचा भाग शक्यतो इअरफोन लावून ऐका. बसमध्ये, लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. सुरुवातीला मी काहीच बोलणार नाही. आधी हे ऐका.

(आवाज : टुंग... टिंग... डुंब... मध्ये थोडी शांतता, मग पुन्हा दोन बारीक टिंग.)

काय वाटलं? हे मी ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं कलिंबा, कुणी म्हणालं जलतरंग, एकाला वाटलं नळाखाली घागर ठेवलीय. तर हे आहे निवडुंग. नर्सरीत मिळतं तसलं, कुंडीसकट वीतभर उंचीचं. त्याचे काटे टूथपिकने छेडलेत. यात इफेक्ट नाही, सिंथेसायझर नाही, सूर सरळ करणारं कुठलं सॉफ्टवेअर नाही. फक्त आवाज मोठा केलाय.

‘फक्त आवाज मोठा केलाय’ हे वाक्य जरा लक्षात ठेवा. कारण आजकाल रील्सवर ‘झाड गातंय’ म्हणून जे काही फिरतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना हे वाक्य लागू होत नाही. त्यातला फरक कळला पाहिजे, म्हणून हा भाग. मी सॉफ्टवेअरवाला आहे, संगीतातला जाणकार नाही आणि वनस्पतिशास्त्रातलाही नाही. पण डेटा कुठून येतो आणि त्याचं पुढे काय केलं जातं, हे बघणं माझं रोजचं काम आहे. त्या बाजूने बोलतो.

काटा वाजतो कसा?

शाळेत बाकाच्या कडेवर पट्टी दाबून धरायची आणि पुढचं टोक सोडायचं, टर्रर्र आवाज यायचा. आठवतंय? पट्टी आत सरकवत नेली की आवाज बारीक होत जायचा. निवडुंगाचा काटा म्हणजे तीच पट्टी. एक टोक झाडात घट्ट रुतलेलं, दुसरं मोकळं. छेडला की थरथरतो.

यातलं गणित मजेशीर आहे. तार अर्ध्या लांबीची केली की सूर एक सप्तक वर जातो, हे गिटार वाजवणाऱ्यांना माहीत असतं. एका बाजूने धरलेल्या काडीची गोष्ट वेगळी. तिची लांबी अर्धी केली की कंपनसंख्या चौपट होते, म्हणजे सूर थेट दोन सप्तकं वर. आणि जाडीचं तर तारेच्या बरोब्बर उलट! जाड तार खालचा सूर देते, पण त्याच लांबीचा जाड काटा वरचा सूर देतो. खरे काटे टोकाकडे निमुळते असतात, थोडे वाकडे असतात, त्यामुळे वहीतलं उत्तर आणि कानाला येणारं उत्तर तंतोतंत जुळत नाही. पण एवढ्याशा कुंडीत इतके वेगवेगळे सूर कसे, याचं कारण हेच. काट्याच्या लांबीत जरासा फरक, सुरात मोठी उडी.

मग आपल्याला हा आवाज एरवी ऐकू का येत नाही? कारण काटा इतका बारीक आहे की तो हवा हलवतच नाही म्हणा ना. प्रयोगशाळेतला नादकाटा आठवा. हातात धरला तर जेमतेम ऐकू येतो, टेबलावर टेकवला की टेबल बोलायला लागतं. तंबोऱ्याला भोपळा असतो तोही त्याचसाठी. तारेची थरथर मोठ्या पृष्ठभागाला द्यायची, मग तो हवेला देतो. काट्याला असा भोपळा नाही. त्याचं काम कॉन्टॅक्ट माइक करतो.

कॉन्टॅक्ट माइक हे नाव ऐकून घाबरू नका. पितळेची गोल चकती असते, तिच्यावर पांढरा थर. बझरमध्ये हीच असते. तिला पिझो म्हणतात. विजेचा संकेत दिला की ती थरथरते, आणि तिला थरथरवलं की ती वीज देते. आपण दुसरी बाजू वापरायची. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही चकती दहा-वीस रुपयांत मिळते. साधा माइक हवेतला आवाज पकडतो, ही चकती वस्तूच्या अंगातली थरथर पकडते. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप असतो ना, साधारण त्या नात्याची.

केजचं निवडुंग

आता ही कल्पना कुणाची? १९७५ साली जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने ‘चाइल्ड ऑफ ट्री’ नावाची रचना केली. मर्स कनिंगहॅम या नर्तकाच्या एकल नृत्यासाठी. केज म्हणजे तोच, ज्याच्या १९५२ सालच्या रचनेत वादक चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीही वाजवत नाही. तर या गोष्टीची सुरुवात झाली कनिंगहॅमच्या कंपनीतल्या एका नर्तकामुळे. त्याने एक वाळलेलं निवडुंग केजच्या कानाजवळ धरलं आणि काटा छेडला. केजला पुढचा सगळा रस्ता तिथे दिसला.

या रचनेला आपल्या ओळखीची स्वरलिपी नाही. आहेत त्या सूचना. आठ मिनिटं वेळ, स्टॉपवॉच, आणि दहा वाद्यं, सगळी वनस्पतींची. वाळलेली पानं, फांद्या, साली, जे वादकाला सापडेल ते. त्यातली दोन मात्र केजने ठरवून दिलीत. एक निवडुंग. दुसरं म्हणजे पॉइन्सियानाच्या वाळक्या शेंगेचा खुळखुळा. पॉइन्सियाना म्हणजे कोण? आपला गुलमोहर! लहानपणी ज्या शेंगांनी आपण तलवारी-तलवारी खेळायचो, ती शेंग केजच्या रचनेत वाद्य म्हणून अधिकृतपणे बसलीय.

आठ मिनिटांचे भाग कसे पाडायचे, कुठल्या भागात कुठलं वाद्य, हे वादकाने स्वतःच्या आवडीने ठरवायचं नाही. त्यासाठी ‘ई चिंग’ या जुन्या चिनी ग्रंथाची पद्धत वापरायची, नाणी उडवून. म्हणजे आमच्या भाषेत रँडम नंबर जनरेटर. एकदा भाग ठरले की मग प्रत्येक भागात वादकाने त्या क्षणी सुचेल तसं वाजवायचं.

गंमत अशी की केजला असं उत्स्फूर्त वाजवणं आधी आवडायचं नाही. त्याचं म्हणणं, माणूस ‘सुचेल तसं’ वाजवतो तेव्हा तो सवयीचंच वाजवतो. हात ओळखीच्या जागीच जातात. हे आपण कुणीही मान्य करू. कीबोर्डवर बसलो की बोटं त्याच चार कॉर्डवर पडतात. मग निवडुंगात वेगळं काय? तर निवडुंगाची सवय होत नाही. कुठला काटा कसा वाजेल हे वाजवल्याशिवाय कळत नाही. आणि वाजवून वाजवून कळायला लागतं तोवर काटे मोडतात, झाड खराब होतं. मग दुसरं निवडुंग आणायचं, ज्याची आपल्याला काहीच माहिती नाही. केजला हेच हवं होतं. हात बसणारच नाही असं वाद्य.

माझ्या मते यात खरी गंमत आहे. आपल्याकडे मिरजेला तंबोरे, सतारी बनतात. तिथले कारागीर भोपळा महिनोन् महिने वाळवतात, कारण तो पुढे हलता कामा नये. तारप्याचंही तसंच, वाळका भोपळा, बांबू, ताडाची पानं. वनस्पती आहे, पण तिला स्थिर करून घेतलंय. तंबोरा चांगला सांभाळला तर पुढच्या पिढीला देता येतो. केज बरोब्बर उलट्या टोकाला गेला. त्याने असं वाद्य घेतलं जे रियाज करताकरताच संपतं. आम्ही डेव्हलपर लोक कायम म्हणतो ना, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’? निवडुंगाच्या बाबतीत ते तुमच्या मशीनवरसुद्धा उद्या चालेल याची खात्री नाही.

१९७६ मध्ये केजने ‘ब्रँचेस’ केलं, म्हणजे हाच प्रकार एकट्याने, दोघांनी किंवा कितीही जणांनी करायचा. १९७७ च्या ‘इन्लेट्स’मध्ये पाण्याने भरलेले शंख हलवून त्यातली बुडबुड ऐकवायची. तिथेही तेच. शंख कितीही तिरका करा, बुडबुड कधी येईल ते शंख ठरवणार.

केजचं आपल्याशी एक जुनं नातंही आहे. १९४६ मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्या त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्याला भारतीय संगीत शिकवलं. संगीत कशासाठी, तर मन शांत करण्यासाठी, ही त्यांच्या गुरूंची शिकवण त्याने त्यांच्याकडून घेतली आणि पुढे आयुष्यभर सांगितली.

केजनंतर हे थांबलं नाही. व्हिएन्नात १९९८ पासून भाज्यांचा एक ऑर्केस्ट्रा आहे. गाजराची बासरी, भोपळ्याचा ढोल. प्रत्येक कार्यक्रमाआधी ताजी भाजी आणून नवी वाद्यं कोरतात, माइक लावून वाजवतात. कार्यक्रमानंतर प्रेक्षकांना सूप मिळतं!

मग रीलमधलं झाड काय करतं?

आता येऊ रील्सकडे. मनीप्लांटच्या पानाला दोन चिमटे लावलेत, आणि मंद, सुंदर, ध्यानाच्या संगीतासारखे सूर येतायत. खाली लिहिलंय, ‘ऐका झाडाचं गाणं’. आवाज गोडच असतो, प्रश्न नाही. पण हे कसं होतं ते बघू.

अशा यंत्रांची तयार उपकरणं मिळतात, आणि स्वतः बनवायची असतील तर खुला कोडही आहे. त्यातला एक प्रसिद्ध प्रकार असा : ५५५ टायमर नावाची छोटी चिप, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी हाताळलेली. ती ठोके देत राहते. पानातून किती वीज वाहू शकते, त्यानुसार त्या ठोक्यांची लांबी किंचित बदलते. ठोके मोजायचे, फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की प्रोग्रॅम एक नोट पाठवतो. आता महत्त्वाचं. ती नोट कुठल्या सप्तकातली, कुठल्या रागातली म्हणा किंवा स्केलमधली, पियानोच्या आवाजात की बासरीच्या, हे सगळं कोड लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. बेसूर नोट आलीच तर ती जवळच्या सुरावर ओढून बसवली जाते.

म्हणजे झाडाने दिला एक आकडा. बाकी संगीत माणसाचं. चिमटे पानावरून काढून तुमच्या दोन बोटांना लावा, तेच ध्यानाचं संगीत वाजेल. मग काय म्हणायचं, तुमच्या बोटाला गाणं येतं?

मी हे खोटं आहे असं म्हणत नाहीये, नीट ऐका. पानातले विजेचे बदल खरे असतात. डेटाचं आवाजात रूपांतर करणं हीसुद्धा कला आहे, त्यात चांगलं काम करणारे कलाकार आहेत. आक्षेप आहे तो ‘झाड गातंय’ या शब्दांना. ते भाषांतर आहे, आणि भाषांतरकाराचं नाव लपवलेलं आहे.

जुनी खोड

झाडांमध्ये विजेचे संकेत असतात हे जगाला ठणकावून सांगणारे शास्त्रज्ञ आपलेच, जगदीशचंद्र बोस. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ते प्रयोग करून दाखवले. लाजाळूवरचं त्यांचं काम आजही मोलाचं मानतात. त्यांनी यंत्रं बनवली ती बारीकशी हालचाल मोठी करून दाखवण्यासाठी. म्हणजे पुन्हा, मोठं करणं.

पुढे १९६६ मध्ये क्लीव्ह बॅक्स्टर या अमेरिकन माणसाने एका झाडाला खोटं पकडण्याचं यंत्र लावलं आणि दावा केला की झाडाला माणसाचे विचार कळतात, दुसरे जीव मेलेलेही कळतात. १९७३ मध्ये यावर एक पुस्तक आलं, प्रचंड खपलं. त्यावरच्या माहितीपटाला स्टीव्ही वंडरने संगीत दिलं, १९७९ चा तो अल्बम प्रसिद्ध आहे. पण १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून बघितला, आणि झाडाने असली काहीही दाद दिली नाही. योगायोग बघा, केजची निवडुंगाची रचना त्याच वर्षाची. एकीकडे झाडाच्या मनातलं ऐकायचा दावा कोसळत होता, दुसरीकडे एक माणूस फक्त काटा ऐकत होता.

आणि टोमॅटो रडतो का?

हा प्रश्न येणारच. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध ‘सेल’मध्ये आला. पाणी न मिळालेली किंवा खोड कापलेली टोमॅटोची आणि तंबाखूची रोपं तासाला साधारण ३० ते ५० टकटक आवाज काढतात, आणि धडधाकट रोप तासाला एखादाही नाही, असं त्यांना आढळलं. हे आवाज खरे, हवेतून येणारे, मोजलेले. कारण बहुधा हे, की पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. उसाच्या रसात स्ट्रॉने शेवटचा घोट ओढताना जी खरखर होते, ती कल्पना करा, खूप सूक्ष्म.

पण हे आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचे आहेत. माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. तुमचा फोन सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो, म्हणजे २२-२४ किलोहर्ट्झच्या वरचं तो नोंदवूच शकत नाही. त्यामुळे कुणी ‘मी फोनवर माझ्या तुळशीचं रडणं रेकॉर्ड केलं’ म्हणालं, तर हा आकडा सांगा. आणि ‘रडणं’ हा शब्दही आपलाच. झाड टकटक करतं इतकंच मोजलंय.

दुखतं का त्याला?

मी घरी काटे छेडत बसलो होतो तेव्हा आईने विचारलं, “अरे, दुखत नसेल का त्याला?” मला हा प्रश्न आवडला. म्हणून शोधून बघितलं.

पूर्ण वाढलेला काटा जिवंत नसतो. मुळात तो पानाचंच बदललेलं रूप, पण वाढ झाल्यावर त्यातल्या पेशी मरून कडक होतात. आपल्या नखाच्या टोकासारखा. हलकेच छेडल्याने झाडाला इजा होत नाही. पण काटा मोडला तर मात्र तो पुन्हा सहसा येत नाही. आपली नखं वाढतात, याचा काटा त्या जागी परत उगवत नाही. म्हणजे तो सूर गेला तो गेला. माझ्या कुंडीत डाव्या बाजूला एक लांब काटा होता, सुरुवातीला ऐकवलेल्या आवाजातला तो खालचा ‘डुंब’. परवा टूथपिक जरा जोरात लागली. आता तो आवाज फक्त या फाइलमध्ये आहे.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग जपून वाजव की.” तेव्हापासून हात आपोआप हलका झालाय. दुसऱ्या कुठल्या वाद्याला मी असा हात लावत नाही. कीबोर्डवर तर चुकलं की अनडू आहेच.

तुम्हाला करायचं असेल तर

थोडक्यात सांगतो. पिझो चकतीला दोन तारा सोल्डर करायच्या, दुसरीकडे ऑडिओ जॅक. चकती झाडाला दोन प्रकारे लावता येते. कुंडीला चिकटपट्टीने, किंवा बारीक चिमट्याने थेट काट्याच्या बुडाशी. दुसऱ्याने आवाज जास्त स्पष्ट येतो.

जॅक सरळ फोनला जोडलात तर आवाज पत्र्यासारखा, पातळ येईल, खालचे सूर गायब. चकती विजेच्या दृष्टीने एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते, तिला पुढे मोठा रोध लागतो, साधारण एक मेगाओहम किंवा जास्त. गिटार लावायचं इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस किंवा गिटारचा छोटा अ‍ॅम्प चालतो. कुणा मित्राकडे असेलच. हेडफोन लावून सुरू करा, पण आवाज शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा. चकती चुकून जमिनीवर पडली तर कानात बॉम्ब फुटतो.

झाड निवडताना : नर्सरीतलं गोल, सुटे सुटे कडक काटे असलेलं निवडुंग उत्तम. काटे एकमेकांना चिकटून असतील तर एक छेडला की चार वाजतात. फड्या निवडुंगाला मोठ्या काट्यांबरोबर डोळ्याला न दिसणारी बारीक कुसं असतात, ती हातात घुसली की दोन दिवस निघत नाहीत, तेव्हा सांभाळून. आणि कुंपणाला लावतात ते त्रिधारी, त्याला आपण निवडुंग म्हणत असलो तरी ते वेगळ्या कुळातलं आहे. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागेल. त्याच्या वाट्याला जाऊ नका. डोंगरावरून झाडं उपटून तर अजिबात आणू नका.

निवडुंग नसेल तरी अडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला गुलमोहराखाली वाळक्या शेंगा पडलेल्या असतात. एक उचला, चकती टेपने चिकटवा, आणि शेंग हलवायच्याही आधी तिच्यावरून फक्त नख फिरवा.

(आवाज : खर्रर्र... मग बियांची खुळखुळ, पावसासारखी.)

ही आमच्या सोसायटीच्या गेटजवळची शेंग. वॉचमन काका कचऱ्यात टाकत होते, त्यांच्याकडून मागून घेतली. त्यांनाही हेडफोन लावून दिला. दोन मिनिटं कानावरून काढेनात. मग म्हणाले, अजून चार ठेवतो तुमच्यासाठी.

तर करून बघा. रेकॉर्ड केलंत तर पाठवा, एकच अट : इफेक्ट लावू नका. सूर बेसूर असतील तर बेसूर पाठवा. आणि कुठल्या झाडाचा, कुठल्या गावचा आवाज आहे ते नक्की सांगा. चांगले आले तर पुढच्या एखाद्या भागात सगळे मिळून ऐकू.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा.